‘विसावा’ची किल्ली

मे महिना, लोणावळा, आजोबांचा बंगला आणि सतरा माणसं. सुट्टी म्हणजे काय असते ते आम्ही तिथे शिकलो. म्हणजे आमच्यातले काहीजण तरी.

लोणावळा म्हटलं की आता डोळ्यांसमोर काय येतं? एक्सप्रेस-वेवरचं ट्रॅफिक, ‘आम्हीच ओरिजिनल’ म्हणणारी चिक्कीची दुकानं आणि पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायलाही जागा नाही इतकी गर्दी. पण तुम्ही ऐंशी-नव्वदच्या दशकात दादर, गिरगाव किंवा पार्ल्यात वाढला असाल आणि तुमच्या आजोबांनी कधीकाळी धाडस करून तिथे एखादा प्लॉट घेऊन ठेवला असेल, तर तुमच्यासाठी लोणावळा म्हणजे गाव नाही, महिना आहे. मे महिना.

आमचा बंगला तुंगार्लीच्या बाजूला. नाव ‘विसावा’. (लोणावळ्यातल्या बंगल्यांची नावं ‘विसावा’, ‘श्रमसाफल्य’ नाहीतर ‘मातृछाया’ असायची. चौथं नाव ठेवायला बहुधा नगरपालिकेची परवानगी लागत असावी.) बंगला म्हटलं की तुम्हाला हिंदी सिनेमातला जिना आठवत असेल तर तो डोक्यातून काढून टाका. मंगलोरी कौलं, तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक व्हरांडा. बस्स. आजोबा परळच्या एका गिरणीत विव्हिंग मास्तर होते. १९६९ साली त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा अख्ख्या चाळीने त्यांना वेड्यात काढलं होतं. घर उभं राहायला १९७३ उजाडलं. ‘सेकंड होम’ हा शब्द तेव्हा जन्माला यायचा होता. आणि खरं सांगायचं तर आजोबांचं फर्स्ट होम भाड्याच्या दोन खोल्यांचं होतं!

धक्का

सुट्टी कधी सुरू व्हायची? रिझल्टच्या दिवशी नाही. दादरला पहाटेची इंद्रायणी पकडली तेव्हाही नाही. ती सुरू व्हायची कर्जतला. 

कर्जतला गाडीला मागून दोन-तीन इंजिनं लागायची. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. घाट इतका उभा, की पुढच्या एका इंजिनाच्या बापाला झेपायचं नाही. सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर चढलात, असा हा बोरघाट. ही बँकर इंजिनं येऊन भिडली की अख्ख्या गाडीला एक दणका बसायचा. आजोबा बरोबर असले की हातातला चहा आधीच वर उचलून धरायचे. तो धक्का बसला रे बसला की आम्ही मुलं ओरडायचो. सुट्टी ऑफिशियली चालू!

तोवर एक मामा प्लॅटफॉर्मवर उतरून दिवाडकरांचे वडे घेऊन आलेला असायचा. गाडी सुटेपर्यंत तो परत डब्यात चढतोय की नाही, या टेन्शनमध्ये आईचा वडा नेहमी थंड व्हायचा.

पुढे पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल. मला ही नावं आजही पाढ्यासारखी पाठ आहेत. आणि मधे बोगदे. प्रत्येक बोगद्यात ओरडायचं आणि प्रत्येक बोगदा मोजायचा, हा नियम. माझा आणि मामेभावाचा आकडा एकाही वर्षी जुळला नाही. त्याचं म्हणणं, मी दरडीवरची छपरंसुद्धा मोजते. आजोबा यात पडायचे नाहीत. ते फक्त सांगायचे की ही लाइन १८६३ साली सुरू झाली आणि ती बांधताना हजारो मजूर मेले, त्यामुळे बोगद्यात ओरडण्यापेक्षा नमस्कार करा. आम्ही नमस्कार करून ओरडायचो.

खंडाळा आलं की हवा बदलायची. आजही कधी ट्रेनने गेले तर मी तिथे लॅपटॉप मिटून दारात जाऊन उभी राहते. एक्सप्रेस-वे २००२ साली पूर्ण झाला आणि आपण सगळे गाडीने जायला लागलो, हे सोयीचं आहे, मान्य. पण काचा वर, एसी चालू आणि समोरच्या कंटेनरच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचत चढलेला घाट हा काही घाट नाही. वाटेतला अमृतांजन पूल हीसुद्धा आमच्या लेखी एक खूण होती. तो २०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये, रस्ता रिकामा असताना पाडला. टीव्हीवर ते बघताना मामाने मला फोन केला आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

या पाण्यावर माझे साचे चालतात

आजोबांची लोणावळ्यात एकच फिरायची जागा होती. वळवण धरण. रोज पहाटे, हातात काठी, मागे आम्ही पाच-सहा मुलं झोपेत चालतोय. धरणावर पोहोचलं की तेच भाषण. हे पाणी टाटांनी अडवलंय. इथून ते खंडाळ्यापर्यंत कालव्याने जातं, मग पाइपातून खाली खोपोलीला पडतं. तिथे १९१५ साली वीजघर सुरू झालं. आणि ती वीज कुठे जाते, सांग बरं?

‘मुंबईला!’

‘मुंबईला कुठे?’

‘गिरणीत!’

‘शाबास. या पाण्यावर माझे साचे चालतात.’

गिरणीच्या भाषेत साचा म्हणजे माग, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर मला वाटायचं आजोबांकडे आइस्क्रीमचे वगैरे साचे आहेत. आणि दुसरी गोष्ट त्याहून उशिरा कळली. आजोबा हे भाषण देत होते तेव्हा त्यांचे साचे चालतच नव्हते. ते १९८१ च्या शेवटी रिटायर झाले आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यांची गिरणी त्यानंतर कधी धड चाललीच नाही. त्यांच्या हाताखालचे कितीतरी लोक गावी गेले, काहींनी भाजीच्या गाड्या टाकल्या. आजोबांना त्यांचा फंड मिळाला होता, घर बांधून झालं होतं. थोडक्यात वाचले. दर मे महिन्यात त्यांच्या खात्यातले दोन-तीन जण आपापल्या पोरांना घेऊन चार दिवस ‘विसावा’त राहायला यायचे. कोण, कुठले, असं आम्ही विचारायचं नाही, ही सक्त ताकीद. ते लोक गेले की आजोबा दिवसभर गप्प असायचे. वळवणचं भाषण मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा, तेच, वर्तमानकाळात.

धम्माल, शुद्ध धम्माल

बाकी दिवस कसा जायचा हे सांगायला बसले तर पानं पुरणार नाहीत. परसातला तांब्याचा बंब आणि त्याच्या धुराचा वास असलेलं आंघोळीचं पाणी. खाटांखाली गवतात निजवलेले हापूस. त्यातला आज कुठला तयार झालाय हे फक्त वासावर सांगण्याची माझ्या मावशीची जगावेगळी कला. दुपारी बाहेर जायला बंदी, म्हणून व्हरांड्यात बदाम सात, मेंढीकोट, नॉट ॲट होम. ‘व्यापार’चा डाव तीन-तीन दिवस चालायचा आणि शेवटी हाणामारीत संपायचा. (माझा मामेभाऊ आज खरोखरच बँकेत कर्जवसुली बघतो. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.) चारनंतर डबा ऐसपैस, लगोरी. मागच्या टेकाडावर करवंदं आणि महिनाअखेरीला जांभळं, जीभ दाखवून पुरावा द्यायचा.

बंगल्यात टीव्ही नव्हता. आजोबांचं तत्त्व. पण १९८९ आणि ९० च्या मे महिन्यांत रविवारी सकाळी ‘महाभारत’ असायचं, आणि तत्त्व दर रविवारी शेजारच्या पारशी बंगल्याच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेलं असायचं.

आणि रात्री. रात्री मे महिन्यातसुद्धा गोधडी लागायची. व्हरांड्यात ओळीने गाद्या. महिन्याच्या शेवटी एखादा वळीव पडून गेला की समोरच्या झाडांवर काजवे. एक-दोन नाही, अख्खं झाड एका तालात लुकलुकतंय. मी माझ्या ऑफिसमधल्या मुलांना हे सांगते तेव्हा ते आधी ‘वॉव’ म्हणतात आणि मग विचारतात, पॅकेज किती असतं? काजवे दाखवायची पॅकेजेस निघालीत, हे खरंच आहे. आम्हाला ते गादीवर झोपून फुकट दिसायचे.

आता मला सांगा, या सगळ्या वर्णनात तुम्हाला आजी कुठे दिसली?

मलाही नाही दिसली. बरीच वर्षं.

तूप लावायला ये गं

१९९५ चा मे. मी तेरा वर्षांची. मेंढीकोटचा डाव अगदी रंगात, माझ्याकडे हुकमाची चार पानं, आणि आतून मामीची हाक आली. ‘अगं, पोळ्यांना तूप लावायला ये गं जरा.’

मी म्हटलं, डाव संपवून येते. तर मामा म्हणाला, ‘जा जा, तुझी पानं मी खेळतो.’ इतकं सहज. आणि डाव पुढे चालू.

स्वयंपाकघरात त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. घराच्या सगळ्यात मागची खोली. एकच खिडकी, ती कंपाउंडच्या भिंतीकडे उघडणारी, खाली धुणं धुवायचा दगड. रॉकेलचे दोन स्टो भर्रर्र आवाज करतायत. आजी लाटतेय, मामी भाजतेय, आई आमरसाच्या कोयी पिळतेय. कुणी बोलत नव्हतं, कारण स्टोच्या आवाजात बोललेलं ऐकूच यायचं नाही. सतरा माणसं, माणशी पाच पोळ्या. मी तूप लावत मोजत होते. पंच्याऐंशी. बोगदे मोजायची सवय, दुसरं काय. मग रात्रीचा स्वयंपाक वेगळा. सकाळचे पोहे वेगळे.

त्यातून मे महिना म्हणजे बेगमीचा महिना. मुंबईच्या दोन खोल्यांत गच्ची नाही, ऊन नाही. इथे अंगण आहे, ऊन आहे. त्यामुळे तिन्ही घरांचे वर्षाचे पापड, कुरडया, सांडगे, लोणची इथेच व्हायची. आम्हाला त्यातलं काय आठवतं? कुरडयांचा गरम चीक, तेलात बुडवलेल्या पापडाच्या लाट्या आणि कावळे हाकलायला हातात मिळालेली काठी. हे म्हणजे कारखान्याच्या आठवणी सांगताना फक्त भोंगा आठवण्यासारखं झालं!

त्या मे महिन्यापासून मी पत्त्यांच्या डावात अर्धीच असायचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला मामेभाऊ पूर्ण असायचा. मी भांडले का? छे. तेव्हा ते भांडण्यासारखं आहे असंसुद्धा वाटलं नाही. उलट मोठ्या बायकांत घेतल्याचा अभिमान वगैरे वाटला. आज लिहिताना राग येतोय, तो उशिरा आलेला आहे हे मान्य करते.

सँट्रो आणि आजी

आजोबा २००१ साली गेले. त्यानंतर मे महिन्याचा तो मेळा हळूहळू विरला. कुणी अमेरिकेत, कुणी बंगलोरला, कुणाच्या पोरांचा समर कॅम्प. ‘विसावा’ला कुलूप आणि दरमहा माळीकाकांना मनीऑर्डर.

२००८ मध्ये मी स्वतःच्या कर्जावर सेकंडहँड सँट्रो घेतली. पहिला लाँग ड्राइव्ह कुणाला न्यायचं? माझ्या डोक्यात सगळं फिल्मी शूट तयार होतं. आजीला लोणावळ्याला नेऊ, तिचे डोळे पाणावतील, मी फोटो काढीन.

आजी म्हणाली, ‘नको गं बाई. तिथे जाऊन पण पोळ्याच लाटायच्या ना?’

मी हसले. ती नाही हसली.

शेवटी कबूल करून घेतलं की स्टो पेटवायचा नाही. म्हणजे नाहीच. सकाळचा चहासुद्धा मी आणलेल्या थर्मासमधला. दुपारचं जेवण बाजारातल्या खानावळीतून डबा. तिने दोनदा विचारलं, ‘आणि पैसे किती घेतो तो?’ मी आकडा सांगितला नाही.

पोहोचल्यावर ती सवयीने सरळ मागे स्वयंपाकघरात गेली. मी दंड धरून पुढे आणली आणि व्हरांड्यातल्या आजोबांच्या आरामखुर्चीत बसवली. ती आधी टोकावर बसली, पाहुणे बसतात तशी. मग मागे टेकली. समोर डोंगराची रांग. अकरा-साडेअकराची वेळ, ऊन चढलेलं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘दुपारचा हा असा निळा दिसतो होय?’

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग हिशेब केला. पहाटे झाडलोट करताना तिने तो डोंगर काळा बघितला होता. रात्री जेवणं उरकून ओट्यावरून बाहेर आल्यावर पुन्हा काळा. १९७३ पासून पस्तीस वर्षं. दिवसाउजेडी ती कधी व्हरांड्यात आलीच नसेल असं नाही. पापड घालायला, गहू वाळवायला अंगणात तर रोजच असायची. पण पापड घालणारा माणूस खाली बघतो.

फोटो काढायचा मी विसरले. डबा आला, आम्ही व्हरांड्यातच जेवलो. आमटी पातळ होती असं ती घाटात उतरताना म्हणाली. खोपोलीपर्यंत तेच चाललं होतं.

आजी २०१४ मध्ये गेली.

विकायचं का?

लोणावळ्यात पाऊस पडतो तो मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. चार हजार मिलिमीटर पाणी दरवर्षी डोक्यावर घेणारं कौलारू घर बंद ठेवलं की काय होतं, हे ज्यांच्याकडे असं घर आहे त्यांना सांगायला नको. वासे कुजले. न्हाणीची भिंत फुगली. माळीकाका थकले, त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत लागला. २०२३ मध्ये एका बिल्डरने आजूबाजूचे तीन प्लॉट घेतले आणि आमच्याकडे विचारणा आली. आकडा ऐकून अमेरिकेतल्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर फक्त एक तोंड उघडं टाकलेला चेहरा पाठवला.

मग दादरला मामाकडे मीटिंग. झूमवर दोघं, खोलीत नऊ जण. आणि बघा कसं असतं, ज्या पोरांनी दहा वर्षांत ‘विसावा’चं कुलूप उघडलं नव्हतं ती सगळी एका सुरात ‘विकायचं नाही’. कुणी काजवे काढले, कुणी बंब काढला. कर्जवसुलीवाला तर चक्क रडवेला झाला. मीसुद्धा त्याच बाजूला होते हो. माझ्याकडे वळवणचं भाषण होतं.

मामी चहाचे कप गोळा करत होती. ट्रे हातात धरून ती दारात थांबली आणि म्हणाली, ‘विकून टाका.’

सगळे गप्प.

‘तुम्हाला सगळ्यांना व्हरांडा आठवतो. मला ती मागची खिडकी आठवते. लग्न झाल्यापासून सव्वीस मे महिने मी तिथे काढलेत. वळवण धरण मी अजून बघितलेलं नाही.’

मामा म्हणाला, ‘असं काय करतेस, बोलली असतीस तर नेलं असतं!’ हे तो अगदी मनापासून म्हणाला. तेच जास्त वाईट होतं. माझी आई, जी एरवी वहिनीशी कशावरच सहमत होत नाही, ती उठली आणि मामीच्या हातातला ट्रे घेतला.

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढचे पाच महिने फोन, रुसवे, सीए, वारसनोंदीची कागदपत्रं. एक मावसभाऊ आपला वाटा घेऊन बाहेर पडला, तेही जरा कडवटपणे, आणि ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. उरलेल्या आम्ही चौघांनी मिळून घर ठेवायचं ठरवलं, पण मामीच्या अटींवर. अटी तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिल्या होत्या. मागचं स्वयंपाकघर बंद, त्याची बाथरूम करायची. ओटा पुढे, व्हरांड्याला लागून, मधली भिंत पाडून. एका वेळी आठच्या वर माणसं नाहीत. जेवण बाहेरून, नाहीतर ज्याला हौस त्याने करावं, आणि भांडी त्यानेच घासावी. पापड-कुरडया गावातल्या बचत गटाकडून घ्यायच्या. सगळ्यात शेवटी: मे महिन्याचा पहिला आठवडा माझा, किल्ली माझ्याकडे.

‘तुझा म्हणजे तुमचा दोघांचा ना?’ मामाने विचारलं होतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

भिंत पाडायचा खर्च मी दिला. काम करणाऱ्या मिस्त्रीने दोनदा विचारलं, ‘ताई, किचन पुढे? पाहुण्यांना दिसेल की!’ म्हटलं, दिसू दे.

परवा मेची दोन तारीख. सकाळी अकरा वाजता आमच्या ‘विसावा’ ग्रुपवर मामीचा फोटो आला. फोटो म्हणजे काय, व्हरांड्याचा कठडा, कठड्यावर टाकलेले दोन पाय, बाजूला चहाचा कप आणि पलीकडे तो डोंगर. जरा तिरकाच आलाय. खाली तिने लिहिलंय, ‘उद्या वळवणला जाणार. रिक्षावाला ओळखीचा आहे.’

मामाने त्यावर अंगठा टाकलाय. आणि लगेच खाली, ‘फ्रिजमधला रस कधीचा आहे?’

तिने अजून उत्तर दिलेलं नाही.